डलिच कॉलेजचे नामवंत माजी विद्यार्थी

दक्षिण लंडनमधील डलिच कॉलेज हे नावाने कॉलेज असले तरी ती शाळा आहे. शेक्सपिअरच्या काळातील नट एडवर्ड ॲलेन यांनी ती १६१९ साली स्थापन केली.

तिच्या माजी विद्यार्थ्यांपैकी आम्हां बँकवाल्यांना जवळचे वाटतात ते विनोदी लेखक पी. जी. वुडहाऊस (शाळेत १८९४ ते १९००). पुढे ऑक्सफर्डला जायचे त्यांच्या मनात होते. परंतु हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेल्या वडिलांचे पेन्शन रुपयांत मिळे, आणि चांदीचा भाव उतरल्याने पौंडापुढे रुपया घसरलेला! खर्च झेपेना. मुलाला हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कचेरीत चिकटवले. खातेवह्यांत जीव रमला नाही. दोन वर्षांत नोकरी सोडून ते पूर्णवेळ लिहू लागले. पेन्शनच्या आकड्यात मुलांची फी बसवताना आमच्यापैकी कित्येकांची झोप उडाली आहे, त्यामुळे वुडहाऊस यांच्या वडिलांची अडचण आम्हांला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांसाठी प्रसिद्ध असलेले अर्नेस्ट शॅकल्टन अभ्यासात यथातथाच होते. जहाज बर्फात गमावल्यावर १९१६ मध्ये त्यांनी पाच सोबत्यांसह सात मीटरच्या 'जेम्स केअर्ड' या होडीतून सुमारे १,५०० किलोमीटर समुद्र ओलांडून मदत मिळवली. मागे राहिलेले सगळे सोबती वाचले. ती होडी आजही शाळेने जपली आहे.

रहस्यकथाकार रेमंड चँडलर १९०० मध्येच दाखल झाले, वुडहाऊस बाहेर पडले त्याच वर्षी. तिघांच्याही वेळी मुख्याध्यापक एकच, ए. एच. गिल्क्स.