उपासाची खिचडी अन् ब्राझीलचा कंद

बसमध्ये इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, या भागाचा हा लेखी मजकूर.

ब्राझील म्हटलं की आपल्याला काय आठवतं? फुटबॉल. गावाकडं असाल तर सोयाबीनचा भाव. पण आज आपण ब्राझीलच्या खाण्याबद्दल बोलणार आहोत, आणि सुरुवात अकोल्यातून करणार आहोत.

श्रावणातला शेवटचा सोमवार. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत घेऊन आपले पोट्टे रात्रभर चालत येतात आणि राजेश्वराला जल चढवतात. त्या दिवशी घरोघरी उपास. आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी! शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, आलूच्या फोडी, चालत असेल तर वरून सांबार. (पुणे-मुंबईवाल्यांनो, आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. डोशासोबतचं नाही.)

आता त्या प्लेटमधली एकेक गोष्ट बाजूला काढू. साबुदाणा बनतो कसावा नावाच्या कंदापासून; तो मूळचा ब्राझीलच्या बाजूचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची अमेरिका खंडातली. आलू पेरू देशाकडच्या डोंगरांतला. मग ६०० वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात यातलं काय मिळालं असतं? तूप, जिरं, मीठ. अन् तो सांबार. बस!

हे सगळं इकडं आलं कसं?

९ मार्च १५०० ला पेद्रो आल्वारेश काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी १३ जहाजं घेऊन लिस्बनहून निघाला. जायचं होतं भारतात. पण आफ्रिकेला वळसा घालताना जहाजं पश्चिमेकडं खूप लांब गेली आणि २२ एप्रिलला अनोळखी किनारा दिसला. तो ब्राझील. तिथं काही दिवस थांबून ताफा पुढं निघाला आणि सप्टेंबरमध्ये कालिकतला पोचला. म्हणजे ब्राझील आणि भारत एकाच फेरीत जोडले गेले. पुढं १५१० ला गोवा पोर्तुगीजांनी घेतलं. ब्राझील १८२२ ला स्वतंत्र होईपर्यंत गोवा आणि ब्राझील एकाच राजाच्या ताब्यात होते.

काब्रालच्या ताफ्यातल्या पेरो वाझ दे कामिन्या या लेखनिकानं राजाला एक लांबलचक पत्र पाठवलं. त्यात एक मजेशीर प्रसंग आहे. जहाजावर आलेल्या दोन स्थानिक माणसांना पोर्तुगीजांनी पाव, उकडलेले मासे, मध, सुके अंजीर दिले. त्यांनी जेमतेम चव घेतली आणि थुंकून टाकलं. कोंबडी दाखवली तर ते घाबरले. दुसऱ्याचं खाणं पहिल्यांदा चाखताना जे आपलं होतं, तेच त्यांचंही झालं.

ते लोक स्वतः काय खात होते? मुख्य म्हणजे हाच कसावा. तिकडं त्याला मांडिओका म्हणतात. आता नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथं आहे. मांडिओकाची कडू जात विषारी असते. तशीच खाल्ली तर शरीरात सायनाइड तयार होतं. तिथल्या आदिवासी लोकांनी, त्यातही मुख्यतः बायांनी, हजारो वर्षांच्या अनुभवातून त्यावर उपाय काढला. कंद किसायचा. विणलेल्या लांब नळीत भरायचा आणि ती नळी ताणून विषारी रस पिळून काढायचा. त्या नळीला तिपिती म्हणतात. उरलेला चोथा भट्टीवर भाजून पीठ करायचं. पिळलेल्या रसाच्या तळाशी पांढरा साका बसतो, तो धुऊन वाळवायचा. त्या साक्याचं तुपी भाषेतलं नाव म्हणजे टॅपिओका.

जां द लेरी नावाचा फ्रेंच माणूस १५५७ मध्ये रिओच्या परिसरात राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की हे लोक भाजलेलं पीठ चिमटीनं लांबूनच तोंडात टाकतात आणि एक कणही सांडत नाही. आपल्याकडं फुटाणे तोंडात उडवतात ना, तसंच!

आज तुम्ही ब्राझीलला फिरायला गेलात, तर हेच सगळं रस्त्यावर भेटेल. गाडीवर गरम तव्यावर साका पसरतात. तेल नाही, तूप नाही. कण आपोआप चिकटून पांढरी पोळी होते. मग आत खोबरं किंवा चीज भरून दुमडतात. त्याच साक्यात चीज मिसळून केलेले गरम गोळे म्हणजे पाओं दे केइजू. घरचं रोजचं जेवण भात आणि घेवड्याची उसळ, वर भाजलेलं मांडिओकाचं पीठ. बाहियात चवळी वाटून पाम तेलात तळलेला अकाराजे मिळतो. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांनी तो तिकडं नेला. गिला वडा खाऊन मोठ्या झालेल्या अमरावतीकराला तो परका वाटणार नाही, फक्त आत झिंगे असतात, शाकाहारी असाल तर आधी विचारा. आणि बाजारात उसाचा रस! आपली रसवंतीच.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. आंबा, फणस तिकडं याच जहाजांच्या वाटेनं गेले. पोर्तुगीजमधले मांगा आणि जाका हे शब्द मल्याळममधून गेलेत. आणि आपण काजू, अननस म्हणतो, ते शब्द मूळचे तुपी भाषेतले. अर्धी तुपी तर आपण रोजच बोलतो, राजेहो!

पण साबुदाणा थेट गोव्यातून वऱ्हाडात आला असं नाही. केरळात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाल यांनी १८८० च्या दशकात कसाव्याच्या लागवडीला जोर दिला. साबुदाणा हा शब्द मलाय भाषेतल्या सागूवरून आला. सागू हे ताडासारखं झाड, त्याच्या खोडातल्या पिठाचे दाणे मलाया-सिंगापूरकडून यायचे. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून साबुदाणा करायचा उद्योग उभा राहिला. आज आपल्या किराणा दुकानातलं पोतं बहुतेक तिकडचंच. म्हणजे जिला आपण पिढ्यान् पिढ्यांची म्हणतो, ती खिचडी आजच्या रूपात फार जुनी नाही.

मग प्रश्न येतो. वऱ्हाडात शेकडो वर्षं पिकणारी ज्वारी उपासाला चालत नाही, आणि साता समुद्रापारचा कंद चालतो. काहून? मला वाटतं, उपासाला कंदमुळं आधीपासूनच चालायची. नवा कंद आला तो त्याच रांगेत बसला. नियम बनला तेव्हा तो इथं नव्हता, म्हणून त्याला कोणी मनाईही केली नव्हती.

यावरून कोणी म्हणेल, ‘मग खिचडी आपली नाहीच.’ मी तसं म्हणणार नाही. साबुदाणा किती भिजवायचा, कूट किती घालायचा, मोकळी कशी करायची, हे आपल्या आजीनं, आईनं शोधलं. ती आपलीच आहे. पण ‘शुद्ध आपलं’ आणि ‘बाहेरचं’ यावरून कोणी भांडायला लागलं, तर त्याच्यापुढं खिचडीची प्लेट सरकवा आणि एकेक दाणा मोजायला सांगा.

अन् आणखी एक. कडू कंदातलं विष काढायला शिकलेल्या त्या बायांपैकी एकीचंही नाव इतिहासात नाही. काब्रालचं आहे, राजाचं आहे. पुढच्या सोमवारी पहिला घास घेताना त्यांची एकदा आठवण काढा.

तुमच्या घरच्या खिचडीत आलू असतो की नाही, ते कळवा. भेटू पुढच्या भागात!