क्षारसूत्र : काशीतील एका जुन्या धाग्याची परीक्षा

कापले की हळद दाबावी, हे मराठी घराला सांगावे लागत नाही. निवडुंग कुंपणाला असतो आणि आघाडा श्रावणातील पत्रीत. या तीन परिचित वनस्पतींपासून भगंदरावरील एक उपचार सिद्ध होतो : क्षारसूत्र.

काशिराज दिवोदास धन्वंतरीच्या उपदेशातून आली असे मानल्या जाणाऱ्या सुश्रुतसंहितेत कृश, दुर्बळ आणि भित्र्या रुग्णांसाठी शस्त्राऐवजी क्षारसूत्र सांगितले आहे. ते सूत्र बनवण्यासाठी निवडुंगाचा चीक व हळद वापरण्याचा निर्देश मात्र अकराव्या शतकातील चक्रदत्तात येतो. पुढे हे ज्ञान बव्हंशी ग्रंथांतच राहिले.

१९६० च्या दशकात काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा रुग्णालयात आणले. धाग्याची कृतीही निश्चित झाली. त्यावर एकूण २१ लेप दिले जातात : प्रथम ११ केवळ चिकाचे, मग ७ चीक व आघाड्याच्या क्षाराचे, शेवटी ३ चीक व हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्यावरच पुढचा चढतो. हा धागा भगंदराच्या मार्गातून ओवून बाहेर बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. क्षार व गाठीचा ताण यांमुळे मार्ग हळूहळू कापला जातो आणि त्याच वेळी मागची जखम भरत येते. गुदद्वाराच्या स्नायूला एकदम छेद बसत नाही. त्यामुळे शौचावरील नियंत्रण गमावण्याचा धोका कमी होतो.

तथापि प्राचीनत्व हा पुरावा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत क्षारसूत्राची शस्त्रक्रियेशी तुलना केली. रुग्णांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी होता. क्षारसूत्राने जखम भरण्यास सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. मात्र वर्षभरात भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, तर शस्त्रक्रियेत ११ टक्के आढळले. उपचार संथ, पण अधिक टिकाऊ. हे नुसत्या श्रद्धेने कळले नसते, उपहासानेही नाही.

निवडुंगाचा चीक त्वचेला व डोळ्यांना इजा करतो. म्हणून क्षारसूत्र हे तज्ज्ञाच्याच हातचे काम आहे, घरगुती प्रयोग नव्हे.

विद्यार्थ्यांनी या इतिहासातून तीन प्रश्न जवळ बाळगावेत. कोणताही पारंपरिक उपाय समोर आला, की विचारावे : तुलना कशाशी केली? किती रुग्णांत? आणि किती काळ त्यांची विचारपूस केली?