पाण्यात बार उडतो का? दारू, पावसाळा आणि दख्खनच्या लढाया



मागचं व्याख्यान संपल्यावर दहावीतल्या एका मुलाने मला दाराशी गाठलं. म्हणाला, "सर, बंदूक पाण्याखाली चालते का?" बाजूची मोठी माणसं हसली आणि तो ओशाळला. मी मात्र घरी पोचेपर्यंत त्याच प्रश्नाचा विचार करत होतो. आपण शाळेत शिकलो की पावसाळ्यात लढाया थांबत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होई. का थांबत? नद्यांना पूर, वाटांना चिखल, जनावरांचे हाल, शेताची कामं, ही कारणं आपल्याला पाठ आहेत. त्यातच एक कारण असंही होतं, की दारू ओली होते. म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

सुरुवात घरापासून करू. आपल्या कन्नड तालुक्यात विहिरीचं काम पाहिलं नाही असा माणूस विरळाच. काळा दगड लागला की सुरुंग घ्यावा लागतो. भोकात झरपाचं पाणी साचलेलं असतं, तरी जिलेटीनची कांडी त्यातच फुटते आणि दगड उडतो. म्हणजे पाण्यात स्फोट होतो, हे आपण कानांनी ऐकलेलं आहे. तरीही "बंदूक पाण्यात चालते का" म्हटलं की आपण पटकन म्हणतो, छे, पाण्यात आग विझणारच.

चूल पाण्याने विझते, कारण तिला हवा लागते. बंदुकीच्या दारूचं तसं नाही. जुन्या काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असे. यातला सोरा महत्त्वाचा. तापला की तो स्वतःमधला प्राणवायू सोडतो, आणि कोळसा-गंधक त्यावर जळतात. दारू आपली हवा सोबत घेऊन फिरते म्हणा ना. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'रॉयल जॉर्ज' नावाचं बुडालेलं जहाज होतं. १८३९ पासून कर्नल पास्ली यांनी दारूचे बंद पिंप खाली सोडून, पाण्याखालीच पेटवून त्याचे तुकडे केले. दारू पेटली, कारण पिंपाच्या आत ती कोरडी होती.

आता त्या मुलाच्या एका प्रश्नाचे आपण तीन करू. दारू पाण्यात पेटते का? पेटते. दारू कोरडी राहते का? हा दुसरा प्रश्न. आणि गोळी पाण्यातून पुढे जाते का? हा तिसरा. इतिहास घडला तो दुसऱ्या प्रश्नावर.

तोड्याची बंदूक डोळ्यांपुढे आणा. नळीत दारू आणि गोळी ठासलेली. नळीच्या कानाशी उघड्या वाटीत रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू. आणि तोडा, म्हणजे सतत धुमसणारी सुताची वात. पाऊस आला की आधी तोडा विझतो, मग रंजकाचा लगदा होतो. नळीतली दारू कोरडी असली तरी तिथपर्यंत ठिणगी पोचतच नाही. पुढे चकमकीची बंदूक आली. तोडा गेला, गारगोटीची ठिणगी आली, वाटीवर झाकणही आलं. पण चाप ओढताच झाकण उघडायचं आणि पाऊस आत शिरायचा. बार फुसका.

शिवाय प्रत्यक्ष पाऊस पडायलाच हवा असं नाही. सोऱ्यात मिठासारखी भेसळ राहिली तर तो हवेतला ओलावा ओढून घेतो. सर्दलेला फटाका आपण उन्हात ठेवतो ना, तेच दुखणं. ते आपल्या राज्यकर्त्यांना नीट माहीत होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखलं जाणारं 'आज्ञापत्र' वाचा. गडावरचा दारूखाना वस्तीपासून दूर असावा, तळघराला गच असावा, दारू जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावी, ओल लागू देऊ नये, असं त्यात सांगितलेलं आहे. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. ही आज्ञा ज्याने लिहिली, त्याने सह्याद्रीचा पावसाळा गडावर काढलेला होता. गडाचं बळ जितकं तोफेत, तितकंच ती दारू वाळवणाऱ्या हवालदारात होतं.

इथे पन्हाळ्याची गोष्ट आठवते. जुलै १६६०, मुसळधार पाऊस, महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघालेले. आपण सहज म्हणून जातो की त्या पावसात बंदुका निकामी होत्या, म्हणून खिंडीत तलवार चालली. उघड्यावरच्या तोड्याच्या बंदुकीला पाऊस वैरी, हे खरंच. पण परंपरा त्याच प्रसंगाबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. महाराज पोचल्याची खूण म्हणून विशाळगडावरून तोफांचे आवाज झाले आणि ते ऐकून बाजीप्रभूंनी प्राण सोडला. मोसम तोच, मुलूख तोच. खिंडीत बंदूक मुकी आणि गडावर तोफ बोलती, हे कसं? कारण गडाला कोठार होतं, छप्पर होतं, निगा ठेवणारा माणूस होता. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, दारू मात्र सगळ्यांची सारखी भिजत नाही.

हीच गोष्ट १७५७ च्या जून महिन्यात बंगालमध्ये पलाशीला दिसली. दुपारी जोराची सर आली. क्लाइव्हच्या माणसांनी आपल्या दारूवर ताडपत्र्या टाकल्या. नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. इंग्रजांच्याही तोफा गप्प झाल्या असतील असं धरून नवाबाचा सरदार मीर मदन चालून गेला, आणि समोरून मारा झाला. पलाशीचा निकाल फितुरीनेही लागला, हे विसरू नका. पण ताडपत्रीचा वाटा उरतोच.

आता आपल्या दारात या. १८०३. आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याचं मत रूढीच्या अगदी उलट होतं. मराठ्यांशी लढाई पावसाळ्यातच सुरू करावी, असं तो म्हणे. त्याचा हिशोब सरळ होता. मराठ्यांचं बळ घोडदळाच्या वेगात, आणि भरलेली नदी घोडदळाला अडवते. आपण मात्र नदी ओलांडायची सोय आधीच करून ठेवायची. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगर घेतलं. टोपल्यांसारख्या, कातड्याने मढवलेल्या होड्यांतून गोदावरी ओलांडली आणि २९ ऑगस्टला तो औरंगाबादेत होता. जो पावसाळा आपल्याला तटबंदीसारखा वाटत होता, त्यानेच त्याची मोहीम सोपी केली.

२३ सप्टेंबरला आपल्या पूर्वेला, आजच्या जालना जिल्ह्यात असई इथे गाठ पडली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणा आणि जुई या नद्यांच्या मधे होत्या. समोरच्या उतारावर तोफा रोखलेल्या. केळणेला दुसरीकडे उतार नाही, असं वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितलं. त्याने नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं, की इथे ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. तोफांचा मारा झेलत फौज पाण्यात उतरली. अशा वेळी शिपायाची पहिली काळजी एकच असते. बंदूक आणि काडतुसांची पेटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे. पलीकडे जाऊन ती फौज उभी राहिली आणि लढाई जिंकली. शिंद्यांच्या पलटणी आणि तोफखाना कच्चे नव्हते. वेलस्लीची १,५०० हून अधिक माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. मराठ्यांची दारू तिथे कमी पडली नाही. चुकला तो भरवसा, की पाणी आपलं रक्षण करील.

पुढे हा दुसरा प्रश्नच मिटला. स्कॉटलंडचे एक धर्मोपदेशक, अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या रंजकाचं पेटंट घेतलं. त्यातून टोपीची बंदूक आली, मग पितळी काडतूस. रंजक, दारू आणि गोळी एकाच बंद डबीत. १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. आज आपल्या शेजारी, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही काडतुसं बनतात. असं काडतूस पाण्यात पडलं तरी सहसा उडतं.

मग राहिला तिसरा प्रश्न. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट. बार उडतो, पण गोळी थोड्याच अंतरात थकते. नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस वाल २०१६ मध्ये पोहण्याच्या तलावात बंदुकीसमोर उभे राहिले आणि दोरीने त्यांनीच चाप ओढला. गोळी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. बाळांनो, हे बघायचं, करायचं नाही. नळीत पाणी असताना ती फुटूही शकते. पाणबुड्या सैनिकांसाठी सोव्हिएत रशियाने एपीएस नावाची वेगळी बंदूक केली. तिच्यात गोळीऐवजी सुमारे १२ सेंटीमीटर लांब पोलादी सळई असते. पाच मीटर खोलीवर तिचा पल्ला साधारण ३० मीटर, आणि ४० मीटर खोलीवर जेमतेम ११. माणसाने आग पाण्यात नेली, पण पाण्याने तिची धाव आखडलीच.

शेवटी एक सांगतो, आणि हे माझ्या दृष्टीने इतिहासापेक्षा महत्त्वाचं आहे. "भिजलंय, आता काय होणार" या समजुतीवर जीव जातात. विहिरीत न फुटलेला सुरुंग पाण्यात बुडाला म्हणून मेलेला नसतो. गाळ काढताना एखादा जुना गोळा सापडला तर त्यावर फावडं मारू नका, घरी नेऊ नका. दूर व्हा, लोकांनाही दूर ठेवा आणि पोलिसांना कळवा.

तो मुलगा आज पुढच्या रांगेत बसलाय. बाळा, तुझ्या प्रश्नाला हसले ते चुकले. पाण्याने आग मरते असं धरून बसलेल्यांना मीर मदनची गोष्ट सांग, आणि पाणी आपल्याला राखील असं म्हणणाऱ्यांना असईची.