चाबुकस्वाराची परीक्षा

घोडेस्वारी शिकवणाऱ्याची पद्धत बरोबर की चूक, हे आपण ठरवायचं कसं? सातारा-सांगलीकडचा माणदेश हा घोडदळाचा मुलूख. इथे घोडा तयार करणाऱ्याला, स्वारी शिकवणाऱ्याला चाबुकस्वार म्हणत. नावातच चाबूक! म्हणून आपल्याला वाटतं, मारल्याशिवाय घोडा शिकत नाही.

पण हिशेब बघा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो लंगडा झाला की रोजी गेली. त्याला मारकुटा उस्ताद परवडणारच नव्हता. बारगिराचा घोडा सरकारी, मग त्याची काळजी कोणाला? चिपळूणच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र आठवा. दाणावैरण बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. म्हणजे जबाब माणसाने द्यायचा, घोड्याने नाही.

सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन स्वतः पक्का घोडेस्वार. इ. स. पूर्व ४थ्या शतकात त्याने अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला (आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो कोणी उघडत नाही, ते असो). त्याचं म्हणणं असं, की जबरदस्तीने करवलेलं घोड्याला कळलेलंच नसतं.

तेव्हा शिष्य किती दिवसांत दौडायला लागला, हे आपण नंतर विचारू. आधी खोगीर उतरवायला सांगू. पाठ सोललीय का, लगामाने तोंड फाटलंय का, आणि उस्ताद जवळ आला की घोडा कान मागे पाडतो का, ते बघू.