गोंदिया परिसर आणि १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश

मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला व कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा आजच्या गोंदिया जिल्ह्याचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते खालसा झाले १८५४ मध्ये. या कोशात इंग्रजी शब्दांचे अर्थ ज्या मराठीत दिले आहेत, ती मुख्यतः देश-कोकणातील होय. घरी झाडी, पोवारी वा गोंडी बोलणाऱ्या वैनगंगेकाठच्या विद्यार्थ्याला आधी तो अर्थच शिकावा लागला असणार! आमच्या मते, इंग्रजांना मराठी यावी म्हणून रचलेला मोल्सवर्थांचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोशच त्याला अधिक उपकारक. तेथे शब्दांना म्हणी व वाक्प्रयोगांची जोड आहे. ओळखीची एखादी म्हण सापडली की शेजारची इंग्रजी व्याख्या तिच्या आधाराने उलगडता येते.