एका ओळीचा प्रश्न

काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून मजकूर शोधणाऱ्या, चाळणाऱ्या आणि बदलणाऱ्या साधनांचा इतिहास बहुतेक वेळा जिन्यासारखा सांगितला जातो. आधी ग्रेप आलं, त्याला फक्त ओळ कळत होती. मग ऑक आलं, त्याला ओळीतले रकाने कळू लागले. मग एक्सएमएलची साधनं आली, त्यांना फांद्या-उपफांद्यांची रचना कळली, आणि शेवटी जेक्यू. प्रत्येक पायरीवर साधन अधिक हुशार. जिना सुबक आहे, पण त्याच्या मधल्या पायरीवर फारसं कोणी थांबलंच नाही. एक्सएमएलची साधनं या सगळ्यांत समर्थ होती, तरी ग्रेपसारखी बोटांच्या सवयीची झाली नाहीत. ती का झाली नाहीत हे शोधायला गेलं की मोजपट्टीच बदलावी लागते. मजकुराची रचना साधनाला किती कळते याहून, विचारणाऱ्याला आपला प्रश्न किती आखूड लिहिता येतो यावर या साधनांचं नशीब ठरलं, असं मला वाटतं.

सुरुवात न्यू जर्सीतल्या मरे हिलची, बेल लॅबोरेटरीजची. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये तिथल्या युनिक्स या संगणक-प्रणालीसाठी ‘एड’ नावाचा मजकूर-संपादक लिहिला. फाइलीतल्या सगळ्या ओळी तपासून नमुन्याशी जुळणाऱ्या तेवढ्याच छापायच्या असतील, तर त्यात आधी जी, मग दोन तिरक्या रेघांमध्ये नमुना आणि शेवटी पी एवढंच टंकावं लागे. नमुना म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात आरई. जी-आरई-पी सलग वाचलं की झालं ग्रेप. (नमुन्यांची ही भाषा मुळात संगणकाची नव्हतीच. तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी ती १९५० च्या दशकात मज्जापेशींच्या जाळ्यांचं गणित मांडताना घडवली, आणि थॉम्पसन यांनी १९६८ च्या एका लेखात ती यंत्राकडून वेगाने चालवून घेण्याची रीत दिली.) ग्रेपची ही आज्ञा संपादकातून बाहेर कशी पडली याची बेल लॅबोरेटरीजमधलेच ब्रायन कर्निघन सांगतात ती हकीकत अशी: त्यांचे सहकारी ली मॅकमहन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ तपासायचे होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने लिहिलेले हे ८५ निबंध. त्यांतले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद. सगळा मजकूर मेगाबाइटच्या आसपास, आणि एवढी फाइल एडला पेलत नव्हती. म्हणून थॉम्पसन यांनी एका रात्रीत ती एक आज्ञा सुटी करून दिली. थॉम्पसन यांची स्वतःची आठवण थोडी निराळी आहे. शोधाचं असं साधन त्यांच्याकडे खासगी वापरात आधीपासूनच होतं. तिथलेच सहकारी डग मॅकिलरॉय यांनी मागितल्यावर त्यांनी ते रातोरात साफसूफ करून सर्वांसाठी ठेवलं. कोणतीही हकीकत धरली तरी माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तीच राहते. संपादक मागे राहिला आणि प्रश्न तेवढा वेगळा झाला. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत तो युनिक्स वापरणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आला.

त्याच वर्षी युनिक्समध्ये पाइपही आला. बागेतल्या नळ्यांसारखे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, ही कल्पना मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवली होती. पाइपमुळे लहान प्रश्नांची साखळी करता येऊ लागली, आणि साखळीच्या कड्या जुळाव्यात म्हणून एक करार सर्वांनी न बोलता पाळला: मजकुराचं एकक म्हणजे ओळ. मॅकमहन यांनीच मग ‘सेड’ लिहिलं. एडच्याच आज्ञा, पण फाइल न उघडता वाहत्या मजकुरावर चालणाऱ्या. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी ‘ऑक’ लिहिलं. नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचं. त्याचं व्याकरण दोन अंगांचं: नमुना आणि कृती. नमुना गाळला तर कृती प्रत्येक ओळीवर होते, कृती गाळली तर जुळणारी ओळ नुसती छापली जाते. ओळीचे रकाने न सांगता पाडले जातात. लोक यात दोन-तीन ओळींचे प्रोग्रॅम लिहितील अशीच कर्त्यांची अपेक्षा होती. पुढे कोणी पानंच्या पानं लिहिली तेव्हा त्यांना नवल वाटलं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हा आखूडपणा आवडीचा नव्हता, नाइलाजाचा होता, असं म्हणता येईल. तेव्हा आज्ञा टंकायच्या त्या टेलिटाइप यंत्राचं ‘मॉडेल ३३’ दर सेकंदाला जेमतेम १० अक्षरं छापायचं आणि त्याच्या कळा दाबायला जड होत्या. अशा यंत्रावर कोण लांबलचक लिहील? युनिक्सच्या आज्ञांची तुटक नावं याच काळातली आहेत, हे खरंच. पण नाइलाज हेच एकमेव कारण असतं, तर टेलिटाइप अडगळीत गेल्यावर आखूडपणाही गेला असता. तो गेला की राहिला हे पाहायची संधी इतिहासाने दिली, ती एक्सएमएलच्या रूपाने.

एक्सएमएल म्हणजे मजकुरात खुणा घालून त्याची रचना सांगणारी भाषा, आणि तिचं कूळ वेगळं. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये वकिली कचेऱ्यांतल्या कागदपत्रांसाठी खुणांची भाषा रचली. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झालं आणि त्यातून १० फेब्रुवारी १९९८ ला एक्सएमएल. या मानकाच्या सुरुवातीला दहा उद्दिष्टं दिली आहेत आणि दहावं सांगतं की खुणांच्या थोडकेपणाला फारसं महत्त्व नाही. मरे हिलच्या नेमकी उलटी भूमिका, तीही घोषणा करून घेतलेली. दस्तऐवज वर्षानुवर्षं टिकावेत, यंत्राला निःसंदिग्ध कळावेत, हा हेतू रास्तच होता. गोची झाली ती प्रश्नाच्या बाजूला. १६ नोव्हेंबर १९९९ ला एक्सएसएलटी ही रूपांतराची भाषा आली आणि ती स्वतःच एक्सएमएलमध्ये लिहायची होती. एक शीर्षक बाहेर काढायचं तर आधी एक सुरू होणारी, बंद होणारी, नेमस्पेस (म्हणजे खुणांची नावं कोणत्या संचातली ते) जाहीर करणारी फाइल तयार करा. प्रश्नालाच दस्तऐवजाचा पोशाख चढवावा लागला. गंमत अशी की त्याच दिवशी, ही मानकं ठरवणाऱ्या त्याच मंडळाकडून, दस्तऐवजातल्या भागाची वाट सांगणारं एक्सपाथही आलं, आणि त्याची लेखनपद्धती मुद्दाम आटोपशीर आणि एक्सएमएलहून वेगळी ठेवली होती: फाइलींच्या वाटेसारख्या तिरक्या रेघा आणि नावं. एक्सएमएलस्टारलेट, एक्सएमएललिंट यांसारख्या साधनांमधून आज्ञेच्या ओळीवर जो भाग खरोखर वापरला गेला, तो हाच. पण तिथेही ठेच लागायची. दस्तऐवजाने न दिसणारा मूळ नेमस्पेस धरला असेल, तर साधी सरळ वाट लिहून काहीच सापडत नाही. आधी नेमस्पेसला टोपणनाव द्या, मग प्रत्येक नावाआधी ते लावा. समोर शब्द दिसतोय आणि साधन म्हणतंय, नाही. चार अक्षरांचा प्रश्न पुन्हा दोन ओळींवर गेला.

एक्सएसएलटी आज्ञेच्या ओळीसाठी बनलंच नव्हतं, तेव्हा त्याला या तराजूत तोलणं अन्यायाचं आहे, असं कोणी म्हणेल. ग्रंथनिर्मितीत आणि जुन्या ग्रंथांच्या संशोधित आवृत्त्यांच्या कामात ते भक्कमपणे उभं आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. रूपांतर हा प्रकल्प असतो आणि प्रश्न हा क्षणाचा असतो. एक्सएसएलटी प्रकल्पात टिकलं, क्षणात टिकलं नाही.

२०१२ मध्ये स्टीफन डोलन यांनी जेक्यू प्रसिद्ध केलं तेव्हा टेलिटाइप संग्रहालयात होता. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००० नंतरच्या वर्षांत नावारूपाला आणलेला जेसन, म्हणजे माहिती फांद्या-फांद्यांनी लिहिण्याचा साचा, एव्हाना वेबवर सगळीकडे होता, आणि जेसनमध्ये ओळ तुटण्याला काहीच अर्थ नसल्यामुळे ग्रेप त्याच्यापुढे लंगडं पडत होतं. जेक्यूने फांद्यांचं हे झाड स्वीकारलं, पण प्रश्न मरे हिलच्या मापाचा ठेवला. एक टिंब म्हणजे समोरचा सगळा मजकूर. टिंबापुढे नाव म्हणजे ती फांदी. आणि उभी रेघ, म्हणजे पाइप, थेट भाषेच्या पोटात. पहिला प्रायोगिक अवतार हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेतला होता, पण लोकांच्या हाती पडला तो सी भाषेत लिहिलेला, दुसऱ्या कशावर न विसंबणारा एकच प्रोग्रॅम. जेक्यू चाललं ते जेसनच्या लाटेवर, असं म्हणणं सोपं आहे, आणि लाट होतीच. पण एक्सएमएलचीही लाट दशकभर होती, आणि तिने ग्रेपच्या शेजारी बसेल असं साधन रुजवलं नाही. शिवाय २०१८ च्या १.६ आवृत्तीनंतर २०२३ पर्यंत जेक्यूची नवी आवृत्तीच आली नाही, तरी लोकांची सवय सुटली नाही. जेक्यूमधलं मोठं रूपांतर वाचणं हा मात्र छळ असतो, हेही सांगायला हवं. आखूडपणाची ती किंमत ऑकच्या काळापासून मोजली जाते आहे.

ओळीचा करार किती चिवट हे मराठी मजकुरातही दिसतं. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या रीतीची, आखणी केली. त्यात जुन्या इंग्रजी संचातला कोणताही बाइट दुसऱ्या लिपीच्या अक्षराच्या पोटात येत नाही, म्हणून देवनागरीने भरलेल्या फाइलीतही ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते आणि ग्रेपला मराठी शब्द सापडतो. अक्षराचं मात्र तसं जमलं नाही. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा; ग्रेपच्या टिंबाला काना आणि वेलांटी वेगळी धरून पाचांचा; आणि बाइट मोजणाऱ्या साधनाला पंधरांचा. अशा साधनाने तो मधेच कापला की पडद्यावर नुसती चौकटी-प्रश्नचिन्हं उरतात.

आता तर जेसनही ओळीकडे वळला आहे. सर्व्हरच्या नोंदी लिहिताना एका ओळीत एकच पूर्ण नोंद, अशी रीत पडली आहे, आणि जेक्यूलाही तसं लिहायला एका अक्षराचा पर्याय दिलेला आहे. अशा फाइलीत लोक आधी ग्रेपने ढीग कमी करतात आणि उरलेला पाइपातून जेक्यूकडे सोडतात.