टिक आणि टकच्या मध्ये

आजोबांचं एचएमटी जनता माझ्याकडे आलं गेल्या वर्षी. चावीचं घड्याळ. आजोबा रोज सकाळी अंघोळ झाली की चावी द्यायचे आणि रेडिओच्या बातम्यांशी वेळ ताडून बघायचे. माझ्याकडे आल्यावर महिन्याभरात ते दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं पुढे पळायला लागलं. मला वाटलं, चावी जास्त होतेय. कमी देऊन बघितली, फरक शून्य. आजोबांनी इतकी वर्षं सांभाळलेली वस्तू आपण महिन्यात घालवली, या अपराधी भावनेनं ते घेऊन एका घड्याळवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "रात्री कुठे ठेवतोस?"

"लॅपटॉपवर."

"मॅग्नेट लागलंय त्याला."

आतली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चुंबकीय झाली होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटत होते, त्यामुळे ती जणू आखूड झाली होती आणि चक्र घाईघाईनं फिरत होतं. काकांनी घड्याळ एका छोट्या यंत्रावर धरलं, हळूच लांब नेलं. झालं काम. मग माझा चेहरा बघून असेल, भिंग माझ्या हातात दिलं.

चावी दिलेल्या स्प्रिंगला एका दमात सुटायचं असतं. तिला अडवून एका वेळी चाकाचा एकच दात सोडणारी रचना म्हणजे एस्केपमेंट. दात निसटतो, पुढचा अडकतो. आपण ऐकतो ती टिकटिक त्या अडकण्याची. इतकं मला इंजिनिअरिंगमुळे माहीत होतं. पण अडवणं हे तिचं सोपं काम. अवघड काम दुसरं: डोलणारं चक्र घर्षणानं थांबू नये म्हणून त्याला दर वेळी थोडा धक्का द्यायचा. आणि धक्का दिला की त्याचा ताल बिघडतो. घड्याळं सुधारायला पाचशे वर्षं लागली, ती मुख्यतः या भानगडीमुळे.

इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये १३८६च्या सुमाराचं मानलं जाणारं एक लोखंडी घड्याळ आहे. त्याला तबकडीच नाही, ते फक्त तासाचे ठोके देतं. त्यात दोन्ही टोकांना वजनं टांगलेला एक आडवा दांडा आहे. दातेरी चाक त्याला एका बाजूला ढकलतं, मग उलट बाजूला, पुन्हा इकडे. या दांड्याला स्वतःचा ताल नाही. चाक जितकं जोरात ढकलेल तितका तो पटपट हलणार. थंडीत वंगण घट्ट झालं की घड्याळ मागे. अशी घड्याळं दिवसाला पंधरा मिनिटं सहज चुकायची आणि सूर्यघड्याळ बघून दुरुस्त केली जायची.

लंबकाला मात्र स्वतःचा ताल असतो. गॅलिलिओच्या हे लक्षात आलं होतं. अगदी शेवटी, दृष्टी गेल्यावर, त्यानं लंबकाच्या घड्याळाची कल्पना मुलाला सांगितली. पण १६४२मध्ये तो गेला. चालणारं घड्याळ हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं १६५६मध्ये केलं आणि चूक मिनिटांवरून सेकंदांवर आली. पण एस्केपमेंट जुनीच होती, आणि तिला लंबक खूप मोठ्या कोनात झुलावा लागायचा. मोठ्या झोक्यात लंबकाचा ताल झोक्याच्या आकारावर अवलंबून राहतो, म्हणजे पुन्हा धक्क्याच्या जोरावर.

पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये नांगराच्या आकाराची एस्केपमेंट आली. ती रॉबर्ट हूकची की विल्यम क्लेमेंटची, हा वाद आहे. तिच्यामुळे झोका चार-सहा अंशांवर आला आणि जवळपास एक मीटर लांबीचा, सेकंदाला एक झोका घेणारा लंबक उंच पेटीत मावला. तिच्यातही एक खोड होती. सेकंदकाटा दर ठोक्याला किंचित मागे सरकायचा, कारण झोका पूर्ण करताना लंबक सगळ्या चाकांना उलटं ढकलायचा. जॉर्ज ग्रॅहमनं १७१५च्या सुमारास दातांना टेकणारे पृष्ठभाग वर्तुळाच्या कमानीसारखे घडवले, आणि ते मागे सरकणं थांबलं.

आमच्या कामातही हे होतं. सर्व्हर नीट चाललाय ना, हे इतक्या वेळा तपासायचं की तपासण्यानंच तो मंदावतो.

खिशातल्या घड्याळात लंबक चालत नाही. तिथे हेअरस्प्रिंग लावलेलं चक्र लागतं. ग्रॅहमचा शिष्य थॉमस मज यानं १७५०च्या दशकात चक्र आणि दातेरी चाक यांच्यामध्ये एक छोटा लिव्हर घातला. चक्र फिरतं, अगदी मध्यावर क्षणभर लिव्हरला भेटतं, त्याच भेटीत दात निसटतो आणि चक्राला धक्का मिळतो. उरलेला सगळा वेळ ते मोकळं. धक्का मध्यावरच का? तिथे चक्राचा वेग सगळ्यात जास्त असतो, आणि तिथल्या धक्क्यानं ताल सगळ्यात कमी बिघडतो.

गंमत म्हणजे, ज्या घड्याळानं समुद्रावर रेखांश काढता येतो हे सिद्ध केलं, त्या जॉन हॅरिसनच्या एच-फोरमध्ये लिव्हर नव्हता. होती जुनीच एस्केपमेंट, हिरे बसवून सुधारलेली. हॅरिसननं चक्र मोठं केलं आणि सेकंदाला पाच ठोक्यांच्या वेगानं फिरवलं, म्हणजे बोटीचे हेलकावे त्याच्यापुढे किरकोळ ठरावेत. १७६१मध्ये त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला निघाला. रोजचा ठरलेला फरक हिशोबात धरल्यावर ८१ दिवसांत चूक निघाली जेमतेम पाच सेकंद. मला हॅरिसन जास्त आवडतो, पण जिंकला मज. एकोणिसाव्या शतकात घड्याळांमध्ये सगळीकडे लिव्हर पसरला.

भिंगातून मला दिसला तो तोच लिव्हर, दोन लालसर खडे बसवलेला. आणि ठोके सेकंदाला पाच, एच-फोरइतकेच. दिवसाला ४,३२,०००. "एक मिनिट चुकलं तरी शंभरातला दशांशसुद्धा नाही," मी हिशोब करून काकांना सांगितलं. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "तेल सुकलंय. दिवाळीनंतर आण, सर्व्हिस करून देतो. तोवर रोज एकाच वेळी चावी दे."

आता ते रात्री पुस्तकांच्या फळीवर असतं. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं. सकाळी अंघोळीनंतर फोन बघून लावतो.